अडतीस छपरं

९ तारीख, मंगळवार

ताई,

माझं अक्षर बघून तुला वाटेल, हिला आता काय हवंय. हवंय. म्हणून आधी तेच लिहिते, नाहीतर दोन पानं इकडच्या तिकडच्या गप्पांत जातील आणि तू पत्राची घडी घालून साखरेच्या डब्याखाली सरकवून देशील.

चोवीस तारखेला माझं इथलं काम संपतं. पुढे तीन दिवस सुट्टी आहे. मला बाबांना भेटायला यायचंय. निघायच्या आधीच्या रविवारी भाऊजींनी नेहमीप्रमाणे त्यांच्या कानाला फोन लावून दिला, तर त्यांनी मला दोनदा विचारलं, "आपण कोण बोलताय?" तिसऱ्यांदा मला तू समजून औषध घेतल्याचं सांगितलं. मी 'शहाणे आहात' म्हणून फोन ठेवला. पण मला त्यांच्यासमोर बसायचंय, माझा चेहरा त्यांच्या ओळखीचा आहे तोवर. घर तुझं आहे, म्हणून तुला विचारते. हो किंवा नाही, एवढंच कळव.

जुनं उकरायला लिहीत नाहीये. दीड वर्ष झालं, आता त्यात काय राहिलंय.

फोन का नाही केला, तर इथे टॉवर आडवे झालेत. टपाल मात्र मदतीच्या लाँचने रोज जातं. आणि टॉवर उभे असते तरी तू माझा फोन उचलत नाहीस, हे आपल्या दोघींनाही ठाऊक आहे.

आम्ही शाळेत उतरलोय. मी, साहेब आणि आमचा ड्रोन उडवणारा. त्याला सगळे पतंगराव म्हणतात. पन्नाशीचा, वजनाने चांगला भारदस्त गृहस्थ आहे, पण ड्रोन वर गेला की स्वतः टाचांवर उभा राहतो. आम्हाला तिसरीचा वर्ग मिळालाय. फळ्यावर सातचा पाढा अर्धाच लिहिलेला आहे. सात चोक अठ्ठावीसनंतर वादळ आलं असावं. पलीकडच्या वर्गांत किनाऱ्यावरची माणसं राहतायत. दिवसभर नुसता कलकलाट, हसणं, पत्त्यांची भांडणं. घरं गेलेल्या माणसांनी इतकं हसावं याचं मला नवल वाटतं, आणि थोडा रागही येतो, कारण मला फॉर्म भरायचे असतात.

उत्तर शाळेच्याच पत्त्यावर पाठव.

धाकटी

१२ तारीख, शुक्रवार

ताई,

तुझं उत्तर यायला अजून वेळ आहे हे कळतं मला. तरी लिहिते. काल काम चांगलं झालं आणि ते सांगायला इथे कोणी नाही. पतंगरावांना सांगितलं तर ते बॅटरीबद्दल बोलतात.

मी नक्की काय करते हे तू एकदा भाऊजींना सांगत होतीस, "ती पडलेली घरं मोजते." ते अर्धंच खरं आहे. वारा कुणी पाहिलेला नसतो. वेग मोजणारी यंत्रं बऱ्याचदा पहिल्या तासातच मोडतात. मग मोडलेल्या वस्तूंना विचारायचं, बाई गं, तुला किती जोराचा धक्का बसला? विजेचा खांब कुठून वाकला, झाडं कोणत्या दिशेला निजली, भिंतीचा रंग कोणत्या बाजूने खरवडला गेला. पत्रा उपटला गेला असेल तर वाशातलं स्क्रूचं भोक फाटून लांबट होतं. प्रत्येक घराला शून्य ते पाच अशी श्रेणी द्यायची. न पडलेल्या घराचाही फॉर्म भरायचा, कारण उभं राहिलेलं घरही काही सांगत असतं. मग सगळ्या श्रेणींवरून नकाशावर रेषा काढायच्या, की इथे वारा इतका होता, तिथे तितका.

आमचा एक नियम आहे आणि मी त्याबाबतीत कडक आहे. आधी घर वाचायचं, माणसांना नंतर विचारायचं. माणसं वाढवून सांगतात. घर सांगत नाही.

काल मी किनाऱ्यालगतची एक अख्खी गल्ली एकटीने केली. एक्केचाळीस घरं, गल्लीत चिटपाखरू नाही. तीन घरांना स्लॅब होता, ती तशीच होती. बाकीच्या अडतीस घरांवर एकही पत्रा नाही. एकही नाही, ताई. आत उभं राहिलं की सरळ आकाश. एका स्वयंपाकघरात ओट्यावर पावसाचं पाणी साचलं होतं आणि त्यात एक ढग दिसत होता. घर फिरलं की वासेही फिरतात म्हणतात, पण इथे घर उघडं पडलं तरी वासा एकही फिरला नव्हता. मी मनात म्हटलं, सुतार उत्तम असावा. अडतीस वेळा श्रेणी चार लिहिली आणि अडतीस सह्या केल्या. साहेब म्हणाले, याचा अर्थ इथे वारा आपल्या अंदाजापेक्षा फार मोठा होता. असं ठरलं तर ही गल्ली राहायला अयोग्य म्हणून लाल रंगात जाईल आणि माणसांना आत टेकडीपलीकडे हलवतील. वाईट आहे, पण पुढच्या वेळी जीव तरी वाचतील.

रिकाम्या घरांतून फिरताना मला आपलं घर आठवलं. आता लिहिलंच आहे तर लिहिते. त्या दिवशी मी तीन महिन्यांच्या कामावरून थेट बॅग घेऊन बाबांकडे आले. दार उघडं, आत कुणी नाही. कपाटं नाहीत, बाबांचा पलंग नाही, माझी ती आखूड पायाची डुगडुगणारी खुर्चीसुद्धा नाही. जिथे जिथे सामान होतं तिथे भिंतीवर फिकट चौकोन, आणि प्रत्येक चौकोनात खडूने एकेक आकडा. खाली टेम्पोत सामान चढत होतं, त्याच्यावरही तसेच आकडे. तू पदर खोचून उभी होतीस, हातात खडू. मला न कळवता. मी काहीतरी बोलले. टेम्पो गेला.

बाबांनी तीनदा दूध करपवलं होतं, गॅस चालू ठेवून फिरायला गेले होते, हे मला नंतर भाऊजींनी सांगितलं. त्यांना तुझ्याकडे नेणं भागच होतं, मान्य. पण घर असं लिलावासारखं मोडायला नको होतं, असं मला तेव्हा वाटलं आणि अजूनही वाटतं.

जुनं उकरणार नव्हते ना मी. जित्याची खोड.

धाकटी

१५ तारीख, सोमवार

ताई,

आधीचं पत्र पोचलं असेल तर रागवायच्या आधी हे वाच.

काल साहेबांनी नकाशावर रेषा काढल्या. सगळ्या छान किनाऱ्याला समांतर चालल्या होत्या, आणि माझ्या गल्लीपाशी येऊन रेषेला एकदम पोट सुटलं. साहेब खूश झाले, कारण असा फुगवटा म्हणजे काहीतरी नवीन सापडल्याची खूण. मला मात्र ते पोट रात्रभर टोचत राहिलं. गल्लीच्या तोंडाशी टपरीची एक पातळ पाटी आहे, ती जरासुद्धा वाकलेली नाही. शेजारच्या गल्लीत जेमतेम चार पत्रे गेलेत. आणि मुख्य म्हणजे अडतीसपैकी अडतीस. वारा इतका सारखा कधीच वागत नाही. तो पक्षपाती असतो. एकाचं सगळं नेतो आणि शेजारणीची वाळत घातलेली चादर तशीच ठेवतो.

सकाळी उठून परत गेले, तर गल्ली माणसांनी भरलेली. प्रत्येक वाशावर कोणीतरी बसलेलं, खालून वर पत्रे चढतायत. मध्यभागी प्लॅस्टिकच्या खुर्चीत एक साठीच्या बाई, मांडीवर वही. तिकीटवाल्या मावशी म्हणतात त्यांना. बत्तीस वर्षं लाँचवर तिकिटं फाडली. आवाज अजून धक्क्यावरचाच आहे.

"बारा, डावा, तिसरा," त्या ओरडल्या. "बारा कुणी उचलला? अहो, तो तुमचा नाही, तुमचा एकवीस. स्वतःचा पत्रा ओळखता येत नाही आणि म्हणे लग्नाला तीस वर्षं झाली."

वरून कोणीतरी म्हणालं, "मावशी, बायको ओळखतो, तेवढं पुरे झालं."

"तेही तीच ओळखते म्हणून."

मी जवळ गेले. "मावशी, इतक्या लवकर नवे पत्रे कुठून आले?"

"नवे कुठले? आमचेच."

"म्हणजे उडालेले सापडले सगळे?"

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "उडतील कशाला? उडायला वर होते कुठे?"

ताई, मला पहिल्यांदा ते कळलंच नाही. मग त्यांनी लहान मुलाला सांगावं तसं सांगितलं. वादळाची बातमी आली की ही गल्ली दोन दिवस आधी आपली छपरं स्वतः उतरवते. बोल्ट डब्यात, पत्रे मिठाच्या गोदामात आडवे रचायचे, माणसं शाळेत. प्रत्येक पत्र्यावर रंगाने आकडा आणि तो जिथे बसतो त्या वाशावरही तोच आकडा. वहीत सगळ्याची यादी. मावशींनी ही पद्धत लाँचवरून आणली. तिकिटाचा अर्धा तुकडा प्रवाशाकडे, अर्धा वहीत.

"पण घरात सगळं भिजतं की," मी म्हटलं.

"भिजलेलं वाळतं, बाई. उडालेला पत्रा कुणाच्या मानेवर बसला तर मान वाळवून चालत नाही." मग वही मिटून म्हणाल्या, "वाऱ्याने नेलं आणि आपण उतरवून ठेवलं, यात फरक असतो की नाही?"

मी एका घरात शिरून वाशांकडे मान वर करून पाहिलं. भोकं अगदी गोल. एकही फाटलेलं नाही. आणि प्रत्येक भोकाशेजारी तांबड्या रंगाचा आकडा, बोटाएवढा मोठा. मी गुरुवारी हेच वासे पाहिले होते. आकडेही पाहिले होते. मला वाटलं होतं सुताराची खूण असेल.

"तुम्हीच का त्या?" मावशी माझ्यामागे येऊन उभ्या होत्या. "गुरुवारी येऊन गेलात म्हणे. घरात कुणी नसताना घराची चौकशी केलीत?"

"मग कुणाला विचारायचं होतं?"

"आम्हाला. आम्ही शाळेत होतो. तुमच्या शेजारच्या वर्गात."

मला हसू आलं आणि रडूही. मावशींनी मला खुर्ची दिली आणि स्वतः उभ्या राहिल्या, तेव्हा मला आणखीच लाज वाटली. मग त्यांनी हातात वही कोंबली. "बसलाच आहात तर आकडे वाचा. माझा घसा बसलाय."

मी दुपारपर्यंत आकडे वाचले. बारा, डावा, चौथा. मला वाटतं, इतकी वर्षं मी घरं नुसती मोजली, घर वर चढताना पहिल्यांदाच पाहिलं. संध्याकाळपर्यंत अकरा छपरं झाली.

पण मला तुला सांगायचंय ते याच्या पुढचं आहे, आणि ते लिहायला मला उद्याचा दिवस लागेल.

धाकटी

१६ तारीख, मंगळवार

ताई,

सकाळी साहेबांना सांगितलं. त्यांचा चहा तसाच राहिला. मी म्हटलं, अडतीस फॉर्म फाडून टाकते आणि नव्याने भरते. ते म्हणाले, "सही केलेला फॉर्म फाडायचा नाही. वर दुरुस्ती जोडायची. चुकीचा कागद खाली राहू दे. पुढच्याला कळेल माणूस कुठे चुकतो." पतंगराव म्हणाले, "मॅडम, वरून तर मीही पाहिलं होतं, मलाही काही कळलं नाही." ते बिचारे माझ्या वाटचं अर्धं ओझं घ्यायला बघत होते.

तर अडतीस दुरुस्त्या लिहिल्या. गल्ली लाल रंगातून बाहेर आली, तिला कोणी हलवणार नाही. आता एकोणचाळिसावी लिहिते. आमच्या दुरुस्तीत तीन रकाने असतात.

आधी नोंदवलेलं: थोरल्या बहिणीने वडिलांचं घर विकायला काढलं, सामानावर भंगारवाल्यासाठी आकडे घातले.

प्रत्यक्षात: विकणारा माणूस सामानावर आकडे घालेल. भिंतीवर कशाला घालेल? भिंत काही टेम्पोतून जाणार नव्हती. कपाटावर जो आकडा, तोच कपाटामागच्या भिंतीवर. मी ते दोन्ही आकडे माझ्या डोळ्यांनी पाहिले होते, ताई. कुठली वस्तू कुठून उचलली आणि दुसऱ्या घरात तशीच कुठे ठेवायची, हे तू लिहीत होतीस.

आणखी एक. गेल्या वर्षी भाऊजी फोनवर कौतुकाने म्हणाले होते, "बाबा बाकी सगळं विसरतात, पण खोलीत शिरले की दिव्याचं बटण न बघता दाबतात. हात बरोबर डावीकडे जातो." मी हो हो केलं. तुझ्या घरात सगळी बटणं दाराच्या उजवीकडे आहेत. मला चांगलं माहीत आहे, तुझ्याकडे रंग काढायला मीच आले होते आणि त्या बटणांवर रंग सांडून तुझ्या शिव्या खाल्ल्या होत्या. म्हणजे तू बाबांच्या खोलीतलं बटण हलवून घेतलंस. आपल्या घरात होतं तसं.

चूक कशामुळे झाली: घर वाचलं, माणसाला विचारलं नाही. माणूस शेजारच्या वर्गात होता.

मागच्या पत्रात 'मी काहीतरी बोलले' असं लिहिलं. काय बोलले ते लिहिलं नाही. "सगळंच भंगारात काढलंयस, तर बाबांनाही चढव टेम्पोत," असं बोलले. बाबा तेव्हा टेम्पोच्या पुढच्या सीटवर बसले होते. त्यांना ऐकू गेलं की नाही मला माहीत नाही. तुला गेलं. तुझ्या हातातला खडू खाली पडला आणि तो तू उचलला नाहीस.

ते वाक्य मला फाडता येत नाही. दुरुस्ती वर जोडते आहे.

चोवीसला येऊ का, हे पुन्हा विचारते. या वेळी नाही म्हणालीस तरी चालेल. म्हणजे चालणार नाही, पण समजेल.

धाकटी

२० तारीख, शनिवार

ताई,

आज लाँचवाल्याने तुझं कार्ड दिलं. पाच ओळी. मी ते उभ्या उभ्या वाचलं, मग सातच्या पाढ्याखाली बसून वाचलं, मग मावशी आल्या तेव्हा त्यांना वाचून दाखवलं:

"चोवीसला ये. चपला दाराच्या डावीकडे काढ, उजवीकडे काढल्यास तर बाबा गोंधळतात. बटण हलवायला वायरमनने दोन दिवस घेतले आणि अर्धी भिंत फोडली, पण ते सांगेपर्यंत तू थांबली होतीस कुठे? बाबांना ऐकू गेलं नव्हतं, ते रेडिओ शोधत होते. दुरुस्ती मिळाली, जोडून ठेवली आहे."

मावशी म्हणाल्या, "तुमच्या बहिणीला लाँचवर नोकरी मिळाली असती."

मी ते मोठी पदवी मिळाल्यासारखं ऐकलं. इथली सगळी छपरं चढली. काल दुपारी बारीक पाऊस आला आणि अडतीस छपरांवर एकदम वाजायला लागला. सगळे आपापल्या दारात येऊन ऐकत उभे राहिले.

येते.

धाकटी

२५ तारीख, गुरुवार

ताई,

तू बाजारात गेली आहेस, भाऊजी ऑफिसात. मी बाबांच्या खोलीतून लिहिते आहे. एका घरात राहून पत्र लिहिते म्हणून हसशील. हस. काल आल्यापासून आपण दोघी बटाट्यांबद्दल, गिझरबद्दल आणि भाऊजींच्या पोटाबद्दल बोललो. मला समोरासमोर तेवढंच जमतं. बाकीचं इथे लिहून साखरेच्या डब्याखाली ठेवते. तिथे माझी आधीची पाचही पत्रं सापडली. वर दुरुस्ती, टाचणीने जोडलेली.

चपला डावीकडे काढल्या होत्या. बाबा दारात आले, आधी चपलांकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे. नाव घेतलं नाही. म्हणाले, "उशीर केलास. वारा होता का वाटेत?"

"होता, बाबा. पण अंदाज होता तेवढा नव्हता."

"मग बस," म्हणाले, आणि खिडकीकडे हात केला.

तू ते पाहिलंस, कारण तू ओट्याकडे वळलीस आणि नळ उगाचच सोडलास.

आता बाबा झोपलेत. मी खोली वाचून काढली, सवयीने. या वेळी माणसाला विचारून. काल तूच म्हणालीस ना, बघ हवं तर. कपाटाच्या पाठीवर खडूचा चार, भिंतीवर चार. पलंगाला सात. घड्याळाला अकरा, आणि ते आपल्या घरात होतं तसंच किंचित कलतं लावलंयस. दीड वर्षात तू इथला खडू पुसला नाहीस. का ते विचारायचं होतं. पण सकाळी तू फडकं मारताना आकड्यांच्या कडेकडेने मारत होतीस, ते पाहिलं आणि राहू दिलं.

माझी खुर्ची खिडकीपाशी आहे. मी तिच्यात बसून हे लिहिते आहे. हलवाहलवीनंतर डुगडुगेल म्हणून अंग सावरून बसले, पण ती डुगडुगली नाही. वाकून पाहिलं. आखूड पायाखाली तीच पुठ्ठ्याची घडी आहे, मी कॉलेजात असताना घातलेली, कडा झिजलेल्या. खुर्चीच्या पाठीवर तेवीस.

पुठ्ठा काढून पाहिला. त्याच्यावरही तुझ्या अक्षरात, खडूने, तेवीस-अ.

परत होता तसा सरकवला आहे. तू आलीस की चहा टाकते.

धाकटी